बर्फातला त्र्यंबक

३ डिसेंबर १९५३
सकाळी ९९, संध्याकाळी १०१.
ही डायरी औषधाच्या कंपनीची. उत्तरानं आणून दिली, म्हणाली, आजी, बाबांचा ताप दोन वेळा लिहून ठेव. ताप लिहायला अर्धी ओळ लागते. उरलेलं पान कोरं टाकायचं म्हणजे ताटात भात टाकून उठल्यासारखं. म्हणून लिहिते. मी दुसरीपर्यंत शिकले, पुढे लग्न केलं माझं. जोडाक्षरं चुकली तर चुकली, आता कोण छडी मारणार आहे.

त्र्यंबक माझा एकुलता एक. ठाण्याला गिरणीच्या ऑफिसात कारकून. टेंभी नाक्याजवळ दोन खोल्या होत्या, त्या सोडून डोंबिवलीला आलो, का तर इथली हवा चांगली. हवा काय भाकरीला लावून खायची? वर्ष झालं, छाती आहे तशीच आहे. सुया टोचून टोचून कमरेची चाळण झाली.

कल्याणच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, काकू, त्याचं सगळं वेगळं ठेवा आणि सगळं उकळा. उकळलं की जंतू मेला. त्या माणसाचं एवढं एकच बोलणं मला पटलं. परसात वेगळी चूल मांडली आहे. त्याचा पेला, ताटली, थुंकीचं भांडं, टॉवेल, सगळं खळखळा उकळून काढते. मालन शेजारून बघते आणि म्हणते, काकू, एक दिवस तुम्ही त्र्यंबकभावजींनाच पातेल्यात घालाल. मी म्हटलं, मावला असता तर घातला असता.

१९ डिसेंबर
९९, १००.
उत्तरा मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत जाते. एम.एस्सी. झाली, आता पुढचं काहीतरी चाललंय. ही पोर चार वर्षांची असताना सून गेली, तेव्हापासून माझ्याच गळ्यात. लग्नाचं बोलले की म्हणते, आजी, माझ्या फुप्फुसांचं आधी होऊ दे. मेलेल्या माणसांची फुप्फुसं घेऊन बसते. क्षयानं गेलेल्यांची. घरात एक क्षय कमी होता म्हणून बाहेर शोधायला जाते.

आज विचारलं, त्यात बघतेस काय एवढं? त्र्यंबकसाठी अंडं फोडत होते, (मी खात नाही, पण त्याच्यासाठी करते, परसातच) तर तिनं वाटीतला पांढरा बलक बोटानं दाखवला. म्हणाली, हा एक पदार्थ दिसतो, पण यात पुष्कळ जातीची प्रथिनं आहेत. फुप्फुसातही असतात. त्यांचा रस काढायचा, ओल्या कागदाच्या पट्टीवर ठेवायचा, वीज सोडायची. मग ती पळतात. कुणी पुढे, कुणी मागे. निळ्या रंगात बुडवलं की पट्टे दिसतात. कच्ची आहेत तोवरच पळतात बरं का, आजी.

मी म्हटलं, शर्यतच आहे म्हणायची. मग त्यात क्षय बरा कसा होतो?
म्हणाली, बरा नाही होत. रोगानं नक्की काय मोडतं ते कळतं.
मोडलंय ते मला दिसतंच आहे, खाटेवर.

७ जानेवारी १९५४
९९, १०२.
मुंबईच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो बघितला. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग गेलाय, तेवढा कापून काढायचा म्हणतात. वांग्याचा किडका भाग काढतो तसं. हल्ली करतात, माणसं कामालाही जातात. न काढला तर आणखी एक पावसाळा निघायचा नाही. मी विचारलं, आणि काढला तर? ते म्हणाले, आजी, देवावर भरवसा ठेवा. डॉक्टर देवाचं नाव घ्यायला लागला की मला धडकी भरते.

रात्री जेवताना उत्तरा नुसती भात चिवडत बसली. शेवटी बोलली. बाबा, ते जे काढतील, ते मी मागून घेऊ का?

मला वाटलं आता हा चिडणार. तिनं भराभर सांगितलं, मेलेल्या माणसाचं फुप्फुस आमच्यापर्यंत येतं तेव्हा उशीर झालेला असतो. आतलं सगळं आपोआपच मोडायला लागतं. मग रोगानं काय मोडलं आणि मरणानं काय मोडलं, सांगता येत नाही. जिवंत माणसाचं मिळालं तरच कळेल. दोन वर्षं झाली, एकही नाही मिळालं.

त्र्यंबक हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. म्हणाला, घे की. नाहीतरी हुंडा द्यायला माझ्याकडे दुसरं आहे काय? मॅट्रिकला मी गणितात आपटलो, माझं फुप्फुस तरी पास होऊ दे.

मी म्हटलं, जेवताना घाणेरडं बोलू नका. उठून परसात गेले. उगीचच पाणी उकळत ठेवलं.

१४ जानेवारी
९९, १००.
तिळगूळ केला. त्र्यंबकनं माझ्या पायाला हात लावला. म्हटलं, लांबून, लांबून. हे बोलायला नको होतं.

२२ जानेवारी
आज त्याला इस्पितळात नेऊन सोडलं. ताप आता तेच लिहितील. घरातलं पातेलं पालथं घातलं, थोडा वेळ बरं वाटलं. मग वाटलं नाही.

२६ जानेवारी
काल ऑपरेशन झालं. सकाळी व्हायचं ते दुपारवर गेलं आणि संध्याकाळी संपलं. त्र्यंबक शुद्धीवर आला, आई कुठे विचारलं म्हणे. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा.

उत्तरा रात्री उशिरा घरी आली ती रुंद तोंडाचा थर्मास छातीशी धरून. सकाळी ऑपरेशन झालं असतं तर तसंच प्रयोगशाळेत नेलं असतं. आता तिथे कुलूप, आणि आज प्रजासत्ताकाची सुट्टी. इस्पितळात बर्फाचं कपाट आहे, पण तिथल्या माणसानं नाही म्हटलं, ते औषधांचं. म्हणून घरी. थर्मासात बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत त्याचे तुकडे. देवघराच्या खाली कोपऱ्यात ठेवला. मी म्हटलं, दुसरीकडे ठेव. म्हणाली, तिथे सगळ्यात गार आहे.

पहाटे निरोप आला, रक्त थांबत नाही. पोर तशीच निघाली. जाताना म्हणाली, आजी, हा बर्फ दुपारपर्यंत पुरेल. भिवाकाका कल्याणच्या कारखान्यातून नवा आणतील, तो भर. गार राहिला पाहिजे, नाहीतर सगळं फुकट जाईल. भिवा म्हणजे मालनचा नवरा. तो सकाळीच गोणपाट घेऊन गेला.

बारा वाजले, भिवा नाही. एक वाजला, नाही. मी थर्मास हलवून बघत होते, आधी आत खडखडत होतं, मग नुसतं डुचमळायला लागलं. मालन म्हणाली, कारखाना बंद असेल, सुट्टी ना. दोन वाजता मला राहवेना. झाकण काढलं. बर्फाचं पाणी झालं होतं, आणि तेही कोमट. बाटली उघडली तर वास सुरू झालेला.

आता काय करायचं? बसून नासू द्यायचं? पोरीनं दोन वर्षं वाट बघितली. ह्यानं छाती फाडून घेतली. दूध नासायला लागलं तर आपण काय करतो? बर्फ कुणाच्या घरात असतो? उकळून ठेवतो, रात्रीपर्यंत टिकतं. आणि डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे, त्र्यंबकचं जे जे म्हणून, ते सगळं उकळायचं.

पातेलं सुलटं केलं, चूल पेटवली. तुकडे पाण्यात सोडले. एक तरंगत होता, गुलाबी, स्पंजासारखा. बाकीचे बुडाले. मी तरंगणाऱ्याकडेच बघत होते. हा याचा चांगला भाग असणार, चांगला भागही थोडा काढावा लागतो असं उत्तरा म्हणाली होती. माझ्या पोटात तयार झालेला. मनात काहीबाही यायला लागलं तेवढ्यात पाणी उतू गेलं, बरं झालं.

चांगलं खळखळू दिलं. तुकडे आकसले, करडे झाले, घट्ट लागायला लागले. वास गेला. बाटलीही उकळली. तुकडे निवल्यावर परत भरले, झाकण लावलं.

चार वाजता भिवा आला. कल्याणचा कारखाना बंद, म्हणून ठाण्याला कोळीवाड्यात जाऊन मासळीवाल्यांकडून आणला. घामानं निथळत होता, खांद्यावरून पाणी गळत होतं. मी बाटली नव्या बर्फात नीट बसवली. गार ठेव म्हणाली होती, गार ठेवली.

उत्तरा आठ वाजता आली. रक्त थांबलं म्हणाली. देवा, तुला नारळ. आल्या आल्या थर्मास उघडला, बाटली उजेडाला धरली. बराच वेळ धरून राहिली. मी सांगितलं, भिवाला उशीर झाला, नासायला लागलं होतं, मी उकळून ठेवलं, दुधासारखं. एक कण वाया नाही जाऊ दिला.

ती उंबऱ्यावर बसली. मला म्हणाली, तुझ्या हाताला भाजलंय का?
म्हटलं, पातेलं धरताना जरासं. ते राहू दे. चालेल ना हे?
म्हणाली, चालेल, आजी. बरं केलंस.

मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. पुन्हा जाऊन धुतलं. डोळ्यात कचरा गेला म्हणाली. जेवली नाही, तिकडे खाल्लं म्हणे.

पोरगी शिकली पण समजूतदार आहे. मला वाटलं होतं, न विचारता हात लावला म्हणून बोलेल.

२७ जानेवारी
सकाळी थर्मास घेऊन गेली. एवढं सांगून सुद्धा बर्फ भरायला विसरली. मी मागून हाक मारली तर म्हणाली, आता नको, आजी.

३ फेब्रुवारी
उत्तराला विचारलं, तुझं काम झालं की त्या तुकड्यांचं काय करतात? जाळतात म्हणाली. मी म्हटलं, जिवंत माणसाचं अंग अग्नीला द्यायचं नाही. अभद्र. मला आणून दे.

ती म्हणाली, काय करणार आहेस?
म्हटलं, पुरेन. त्र्यंबक जन्मला तेव्हा त्याची वार गावी बाळकुमला गोठ्यामागे पुरली होती, मीठ घालून, वर दगड ठेवून, कुत्र्यामांजरानं उकरू नये म्हणून. अंगातनं निघालेलं जमिनीला द्यायचं. त्यानं माणूस टिकतो.

आज तिनं आणून दिले. बघितले तर सगळेच्या सगळे, जसे मी भरून दिले होते तसे. सुरीचं एक टोक लागलेलं नाही. केवढं नेटकं काम. काम करून झालं तरी नासधूस म्हणून नाही. माझ्याच हाताचं वळण.

परसात शेवग्याखाली पुरले. मीठ घातलं, दगड ठेवला. उत्तरा दारातून बघत होती. म्हटलं, ये, माती लोट. आली.

१० फेब्रुवारी
इस्पितळात गेले. बरगडीत नळी घातली आहे, खाली बाटलीत पाणी साठतं. ते पाणी काही मला बरं दिसलं नाही. त्र्यंबक बोलतो, पण दोन शब्दांमध्ये दम खातो. मला बघून म्हणाला, आई, पास झालं का माझं फुप्फुस?

मी म्हटलं, पहिल्या नंबरात. विचार तुझ्या लेकीला.

उत्तरानं हो म्हटलं. छान पट्टे आले, बाबा, अगदी स्वच्छ, असे अजून कुणाचेच नव्हते, असं सांगितलं. मग नर्सशी बोलायचंय म्हणून बाहेर गेली. खिडकीतून दिसत होती. कुणाशीही बोलत नव्हती.

त्र्यंबकनं डोळे मिटले. म्हणाला, चला, काहीतरी झालं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. घरी आल्यावर हात उकळत्या पाण्यानं धुवायचा असतो. नाही धुतला.

१७ फेब्रुवारी
त्र्यंबक परवा गेला. पहाटे. पाणी भरलं छातीत.
मला लिहायला काही सुचत नाही, पण हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

लक्षण बरं दिसेना म्हणून आम्ही आदल्या रात्रीपासून इस्पितळातच होतो, बाळकुमहून पुतण्या महिपतही आला होता, अग्नी द्यायला त्याच्याशिवाय कोण. इस्पितळातून त्याला बाहेर आणायच्या आधी उत्तराच्या प्रयोगशाळेतल्या सरांचा माणूस आला. हातात तोच थर्मास. आत बर्फ वाजत होता. उत्तराला बाजूला घेऊन हळू काहीतरी बोलला. मला ऐकू कमी येतं असं सगळ्यांना वाटतं. म्हणाला, जाऊन तास पण झाला नाही, बाई, इतक्या लवकर कधी मिळत नाही. घरच्यांनी हो म्हटलं तर.

महिपत भडकला. म्हणाला, देह काय कसायाचा आहे?

उत्तरा त्याच्या बाजूनं पुढे झाली. माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले. नुसती आजी म्हणाली आणि थांबली.

मी म्हटलं, नाही. एकदा दिला ना त्याचा हिस्सा? तूच म्हणालीस चालला, छान पट्टे आले. झालं ना तुझं काम? मग आता पुन्हा कापायचं नाही माझ्या पोराला. पुरे.

तिनं माझे हात सोडले. ओठ हलले. मला वाटलं, भांडते आता. ती म्हणाली, हो आजी. पुरे. त्या माणसाला तिनंच परत पाठवलं. त्याच्या थर्मासातला बर्फ जिन्यावरून खालपर्यंत वाजत गेला.

पोर शहाणी आहे. बापाला अख्खा जाऊ दिला.

१ मार्च
दिवस झाले. महिपत गेला, भांडी घासली, पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. सकाळी उठून तारीख घातली आणि पुढे आकडा लिहायला पेन टेकवलं.

५ मार्च
उत्तराच्या पिशवीत कागदाच्या पट्ट्या होत्या. लुगड्याच्या काठासारखे निळे पट्टे. विचारलं, यातला त्र्यंबकचा कुठला? तिनं एक काढून दिली. मी चष्मा लावून बघितली. कोपऱ्यात इंग्रजीत काही लिहिलं होतं, मला काय कळतंय. म्हटलं, ही मी ठेवू? ठेव म्हणाली. देवघरात ठेवली आहे.

मालनची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. ती म्हणाली, आजी, यावर तर बाईचं नाव आहे. म्हटलं, तुला वाचता येत नाही नीट, घरी जा.

१९ मार्च
उत्तरा वाळत चालली आहे. म्हणून आज तिच्यासाठी अंडी आणली. त्र्यंबक गेल्यापासून परसातली चूल पेटली नव्हती. अंडं पाण्यात सोडताना कवच तडकलं. पांढरा बाहेर आला आणि आला तिथेच गोठला. गाठ झाली.

मी ते बघत उभी राहिले. तुकडे आकसून घट्ट झाले होते तसंच.

कच्ची आहेत तोवरच पळतात बरं का, आजी.

दुसरं अंडं घेतलं, फोडलं. ह्या डायरीत टिपकागद आहे. त्याच्यावर कच्च्याचा एक थेंब ठेवला. हळूहळू पसरला, कागदात शिरला, कडेपर्यंत गेला. मग उकडलेल्याचा कण ठेवला. तो बसला तिथेच बसला. पाणी घातलं, बोटानं ढकलला. कण तसाच. अर्धा तास मी त्या कागदापाशी होते. मालननं विचारलं, काकू, काय करताय? म्हटलं, काही नाही, अंडं बिघडलं.

सुरीचं एक टोक लागलेलं नव्हतं. मी त्याला नेटकं काम म्हटलं.
आणि मग थर्मास घेऊन माणूस आला, पोरीनं माझे हात धरले, आणि मी म्हटलं पुरे. ती काय बोलणार होती? खरं सांगितलं असतं तर मिळालं असतं. बापाच्या मढ्यासमोर मला सांगायचं, की आजी, तू ते मातीत घातलंस. नाही सांगितलं. जळू दिलं सगळं.

त्र्यंबकला तरी कळलं नाही. तो पास होऊन गेला.

२१ मार्च
काल रात्री उत्तराला जेवायला वाढलं आणि विचारलं, तुझ्या सरांना क्षय नसलेली फुप्फुसं चालतात का?
म्हणाली, चालतात काय, लागतातच. शेजारी ठेवून बघायला. का?
म्हटलं, माझी घे. चुलीच्या धुरानं काळी झाली असतील, पण भोक नाही. मी गेल्यावर लगेच. महिपतला विचारत बसू नको, मी कागदावर अंगठा देते. अंगठा कशाला, सही येते मला.

ती घास हातात घेऊन बसली. म्हणाली, कशाला, आजी? बाबांचं झालं ना पुरेसं.

मी तिच्याकडे बघितलं, तिनं ताटाकडे. म्हटलं, हो, झालं ना. हे आपलं वरचं.

अंडं तिनं सगळं खाल्लं.

२४ मार्च
आज एकटी कल्याणला जाऊन बर्फाचा कारखाना बघून आले. मालकाला विचारलं, सुट्टीच्या दिवशी बंद का ठेवता? तो म्हणाला, आजी, मासळी किती ठेवायचीय तुम्हाला? म्हटलं, मासळी नाही, मला ठेवायचंय. तो हसला. मागच्या आळीत वॉचमन राहतो, तो कधीही उघडून देतो म्हणाला. वॉचमनचं घर बघितलं. दार हिरवं आहे. भिवाला एकदा नेऊन दाखवायला हवं, तो ठाण्याला पळायचा नाहीतर.

संध्याकाळी मालनला बोलावलं. म्हटलं, नीट ऐक. उत्तरा कामावर असताना माझं काही झालं तर आधी भिवाला त्या हिरव्या दाराकडे पाठव. आणि बायका जमतील, चूल पेटवतील, घंगाळं ठेवतील, त्यांना सांग, मला गरम पाण्यानं आंघोळ घालायची नाही. गार पाणी घालायचं.

मालन म्हणाली, काकू, असं काय बोलता, मेलेल्या माणसाला कुणी गार पाण्यानं घालतं का?

म्हटलं, मला घालायचं. अजिबात ऊन नाही. कोमट सुद्धा नाही.